सरपंचबाईंनी सभेत कधी बोलायचं?



आमच्या गटातली एक ताई सरपंच झाली. पहिली मासिक सभा घेऊन ती थेट गटाच्या बैठकीला आली आणि रडवेली होऊन बसली. सभेत विषय होता वरच्या वस्तीला नळाची लाइन नेण्याचा. विषय वाचून होताच ताई म्हणाली, "हे काम आधी झालंच पाहिजे." तिघांनी विरोध केला. ताईनं प्रत्येकाला लगेच उत्तर दिलं, आवाज चढले आणि विषय पुढच्या सभेवर गेला. वस्तीवरच्या सदस्यबाई रोज किती खेपा होतात ते कागदावर लिहून आल्या होत्या. त्यांना बोलायला मिळालंच नाही. बाजू त्यांची, आणि त्यांना गप्प बसवलं ते त्यांच्याच बाजूच्या सरपंचानं!

आम्ही ताईला दोष दिला नाही. 2011 पासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, पण खुर्चीत बसून बोलायचं कसं हे कोणी शिकवतं का? एकजण म्हणते, "तोंड उघडू नका," दुसरा म्हणतो, "दाबून बोला."

टीव्हीवर लोकसभेचे अध्यक्ष दिसतात. ते चर्चेत बाजू घेत नाहीत, मतही देत नाहीत. दोन्ही बाजूंची मतं सारखी पडली तरच देतात. सरपंचाचं तसं नाही. ती सभेची अध्यक्ष आहे आणि पंचायतीची सदस्यही आहे, कामाची जबाबदारी तिच्यावर आहे. तिनं मत मांडायलाच हवं. मात्र दोन्ही कामं एका दमात करायची नाहीत.

म्हणून आम्ही गटातच सभा भरवली. सात जणी सदस्य, ताई सरपंच. (विरोधक व्हायला सगळ्याच तयार होत्या, हे सांगायलाच हवं.) अध्यक्ष म्हणून बोलायचं ते थोडकं: विषय काय, आता पाळी कोणाची, वेळ किती झाला. सगळे एकदा बोलेपर्यंत कोणाला दुसऱ्यांदा बोलू द्यायचं नाही. "विषयाला धरून बोला," हे आपल्या बाजूच्या माणसालाही तितक्याच ठामपणे सांगायचं. ताईला हेच सर्वात जड गेलं. टोमण्याला उत्तर द्यायचं नाही, हेही जड गेलं. स्वतःचं मत शेवटी, आणि ते देताना सांगून द्यायचं: "आता मी सदस्य म्हणून बोलते."

मग ठराव मोठ्यानं वाचायचा, सूचक आणि अनुमोदक विचारायचे, मत घ्यायचं. दुसरं कोणी सूचक व्हायला तयार असेल तर सरपंचानं मागं राहावं. मतं समान पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत असतं. ते हाताशी आहे म्हणून चर्चा आखडती घेऊ नये. आणि प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं ते सही करण्याआधी वाचा, मैत्रिणींनो. चर्चेत बोललेलं वाक्य ठराव म्हणून उतरलेलं आम्ही पाहिलं आहे.

सभेत नवरा शेजारी बसून बोलायला लागला तर? "सभा सदस्यांची आहे, आपण बाहेर बसा," हे वाक्य अध्यक्षानंच म्हणायचं असतं. ग्रामसेवकाकडे बघत बसू नये.

दुसऱ्या सभेला ताईनं वस्तीवरच्या सदस्यबाईंना पहिली पाळी दिली. त्यांनी खेपांचा कागद वाचला. विरोध करणाऱ्यांनी खर्चाचा प्रश्न काढला, तो खराच होता. त्यावर अर्धा तास बोलणं झालं, ताई गप्प. शेवटी ती दोनच मिनिटं बोलली. ठराव पाच विरुद्ध तीन मतांनी झाला. पाणी अजून आलेलं नाही, अंदाजपत्रक व्हायचं आहे.

पुढच्या सभेत गटाराचा विषय आहे आणि ते गटार ताईच्या सासरच्या दारातून जातं. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात सदस्याचा हितसंबंध निघाला तर कायद्यानं सदस्यपद जाऊ शकतं. इथं ठेका नाही, तरी दार आपलंच आहे. ताईनं उपसरपंचांना आधीच सांगून ठेवलंय, "त्या विषयापुरते तुम्ही खुर्चीत बसा, मी खाली बसते." सासूबाई रुसल्या आहेत.