दुकानाची दुसरी वही



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत. बिडी कामगारांत तीस वर्षे काढली. बिडीचे काम घटत गेले, तशी युनियनची वर्गणीही आटली. तेव्हा पन्नाशी उलटल्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगड गावी आम्ही पतिपत्नींनी किराण्याचे छोटे दुकान घातले. मित्र म्हणाले, "जन्मभर दुकानदाराच्या नावाने बोटे मोडलीत, आणि आता स्वतःच गादीवर बसलात!" त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

प्रतापगड आपल्यापैकी पुष्कळांनी यात्रेत पाहिले असेल. डोंगरावर महादेव आहे, दर्गाही आहे. महाशिवरात्रीला माणसांचा पूर लोटतो. पण यात्रा उठली की दुकान चालते ते गावाच्या मिळकतीवर. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, दिवाळीच्या मागेपुढे धान; पैसा येतो तो एवढ्याच वेळी. रोवणी आटोपली की कापणीपर्यंत हात रिकामे. तेल-मीठ मात्र रोज लागते.

इंग्लंडात रॉचडेल गावी २१ डिसेंबर १८४४ रोजी विणकर व इतर कारागिरांनी मिळून एक दुकान उघडले. माणसे २८, भांडवल २८ पौंड. माल म्हणजे पीठ, साखर, लोणी अशा चार जिनसा. वजन चोख आणि व्यवहार रोखीचा, हे त्यांचे नियम. आम्ही ते वाचले होते. त्या भरात आम्हीही पाटी लावली : 'आज रोख, उद्या उधार.' दोन महिन्यांत गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेले. गिरणीगावच्या माणसाच्या हाती ठराविक मुदतीने मजुरी पडते, आमच्या गिऱ्हाइकाच्या हाती हंगामाने, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. पाटी काढली, उधारीची वही घातली.

पुढे तेंदूपत्त्याचे पैसे आले, तेव्हा बिडी वळणारी एक बाई हिशेब चुकवायला आली. तिच्या आठवणीतला आकडा आणि आमचा आकडा यांत दोनशे चाळीस रुपयांचा फरक. आम्ही म्हणालो, "बाई, वहीत लिहिले आहे." ती शांतपणे म्हणाली, "सट्टेदाराले चिठ्ठी मांगत होते ना भाऊ तुमी? मंग आमची चिठ्ठी कोठी आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. १९६६च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले. तिच्या कामाची नोंद तिच्या हाती असावी म्हणून आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. आणि इथे? वही पुन्हा तपासली. तेलाचा डबा दोनदा लिहिला गेला होता. लेखणी आमची, वही आमची, चूकही आमची. भुर्दंड मात्र तिला पडणार होता.

त्या दिवसापासून प्रत्येक घराला एक वही दिली. माल देताना भावासकट दोन्ही वह्यांत एकदम लिहायचे, उधारीची मर्यादा आधी ठरवायची, हिशेब धानाला आणि तेंदूपत्त्याला मिटवायचा. तरी काही रक्कम बुडते. या दुकानावर आमचे घर चालते, माडी चढत नाही.

उतारवयात दुकान घालू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच : उधारीला भिऊ नका, एकतर्फी वहीला भ्या. गादीवर बसणाऱ्याची नियत कितीही चांगली असो, दुसरी वही गिऱ्हाइकाच्या घरी असली पाहिजे. हे आम्हांला कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. त्या बाईने शिकवले.