पेला कुणी भरला?

(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



दारूविरोधी घोषणांमध्ये पिणारा नेहमी 'तो' असतो आणि मार खाणारी 'ती'. बहुतेक घरांत ते खरंच आहे. पण ती स्वतःच पीत असेल आणि तिला दिवस गेले असतील, तर? त्यावर आपण गप्प बसतो. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी शरीराचं. आईच्या रक्तातली दारू वारेतून गर्भाच्या रक्तात उतरते. ती पचवण्याइतकं गर्भाचं यकृत तयार नसतं. मेंदूच्या पेशी एका जागी जन्मतात आणि तिथून आपापल्या ठिकाणी सरकत जातात. दारूमुळे काही पेशी मरतात, काही वाट चुकतात. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा पट्टा काही मुलांत बारीक राहतो, क्वचित बनतच नाही. चेहऱ्याची घडण सुरुवातीच्या आठवड्यांत होते, मेंदूची मात्र नऊही महिने चालू असते. म्हणून चेहऱ्यावर एकही खूण नसलेल्या मुलाच्या मेंदूलाही इजा झालेली असू शकते. काल शिकवलेलं ते आज विसरतं, हिशेब जमत नाही, एका जागी बसवत नाही. शाळा त्याला मठ्ठ म्हणते, नाहीतर द्वाड.

फ्रान्समधल्या डॉ. पॉल लेमोआन यांनी १९६८ साली अशा १२७ मुलांबद्दल लिहिलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९७३ साली सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिलं.

आता दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात चला. तिथं द्राक्षांचे मळे आहेत. गुलामीच्या काळापासून मळेवाले मजुरीचा काही भाग हलक्या वाइनच्या रूपात देत, तीही कामाच्या वेळेतच, दिवसातून अनेकदा. या पद्धतीला 'डॉप' म्हणत. १९६० च्या दशकात कायद्यानं तिला बंदी झाली, पण १९९० च्या दशकापर्यंत काही मळ्यांवर ती चालूच होती. त्या प्रांतातल्या एका गावात पहिलीच्या मुलांची तपासणी झाली आणि २००० साली निष्कर्ष छापून आले. दर हजारी ४० हून जास्त मुलांना हा आजार होता! तोवर जगात कुठंही एवढं प्रमाण नोंदलं गेलं नव्हतं. त्या आया कोण होत्या? पिढ्यान् पिढ्या दारूवर राबवलेल्या कुटुंबांतल्या, अंगानं बारीक, अर्धपोटी. अनेक मळ्यांवर राहायची खोली मिळायची ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. नवरा सोडला तर छप्पर गेलं. आईचं पोषण चांगलं नसेल तर दारूचा घाव अधिक खोल बसतो, हेही तिथल्या अभ्यासांत दिसलं. मग मुलाच्या मेंदूचा जाब फक्त तिलाच विचारायचा?

पण विचारला जातो तिलाच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९९८ साली कायदा झाला. सतत दारू किंवा नशा करणाऱ्या गरोदर बाईला कोर्ट ताब्यात घेऊ शकतं. तिला दारू पोचवणाऱ्याला नाही, बरं का! अशा धाकानं बाई दवाखान्याचं तोंडच बघणार नाही.

"आपल्याकडच्या बायका कुठं पितात?" असं कुणी म्हणेल. मोहाची दारू सणासुदीला, देवकार्याला घेणाऱ्या बाया आपल्या कामाच्या भागात आहेत. पार्टीत वाइन घेणाऱ्याही आहेत. 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हा समज दोघींनाही तितकाच घातक. गरोदरपणात अमुक इतकी चालेल अशी सुरक्षित मात्रा कुणाला सापडलेली नाही. आणि दिवस गेल्याचं कळेपर्यंत बऱ्याचदा महिना उलटलेला असतो.

तेव्हा घरभेटीला जाल तेव्हा सासूसमोर "पितेस का गं?" विचारू नका. तिला एकटीला गाठा. घरात दारू कोण आणतं, जेवायला काय असतं, मारहाण होते का, हेही विचारा. आधी घेतली असेल तरी आज थांबली तर पुढचे महिने मेंदूला मिळतात, हे तिला नक्की सांगा. रोज भरपूर पिणारी असेल तर मात्र एकदम बंद करायला सांगू नका. हातपाय कापतात, झटके येऊ शकतात. तिला डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि सोबत तुम्ही आत बसा.