हृदय घडते तेव्हा
(संस्थेच्या वार्षिक सभेत बालहृदयरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



जन्मणाऱ्या दर शंभर बालकांपैकी सुमारे एकाच्या हृदयात जन्मतः दोष असतो. अशा बालकाला घेऊन येणारे कुटुंब आम्हांला प्रथम उपचार विचारते आणि नंतर विचारते, 'हे कशामुळे झाले?' पुष्कळदा त्याचे उत्तर घरीच ठरलेले असते. सातव्या महिन्यात ग्रहण पाळले नाही, जड उचलले, नको ते खाल्ले, असे म्हणून सारा दोष आईच्या माथी मारला जातो. या प्रश्नाच्या शास्त्रीय उत्तराकडे नेणाऱ्या एका नव्या संशोधनाची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

मानवी हृदय गर्भधारणेपासून सुमारे बाविसाव्या दिवशी स्पंदन पावू लागते. तोवर पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. आठव्या आठवड्याच्या अखेरीस हृदयाचे कप्पे व त्यांमधील पडदे यांची मुख्य घडण पूर्ण होते. इतक्या कोवळ्या मानवी गर्भावर प्रयोग करणे नीतीला धरून नाही. उंदराच्या हृदयावरून बरेच कळले, परंतु सारे नाही.

ही अडचण मूलपेशींनी काही अंशी दूर केली. जपानचे शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींना पुन्हा मूलपेशींचे रूप दिले. 2012 मध्ये त्यांना जॉन गर्डन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 2021 मध्ये व्हिएन्ना येथील साशा मेंदियान यांच्या गटाने मानवी मूलपेशींना योग्य क्रमाने रासायनिक संकेत दिले, तेव्हा त्या पेशी कोणत्याही साच्यावाचून एकत्र आल्या, त्यांच्यामध्ये पोकळी तयार झाली आणि तिळाएवढा तो गोळा धडधडू लागला. यालाच 'कार्डिऑइड' म्हणतात. 'हँड-1' हे जनुक निकामी केल्यावर ही पोकळी नीट घडेना. 2023 मध्ये याच गटाने हृदयाचे निरनिराळे कप्पे दर्शविणारी प्रतिकृती सिद्ध केली आणि थॅलिडोमाइडसारख्या औषधांमुळे तिच्या घडणीत कोणते दोष येतात हे दाखविले.

अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात एतोर अगिरे यांच्या गटाने 2021 मध्ये असेच पेशीगोल मधुमेही मातेच्या रक्तासारख्या, म्हणजे अधिक साखर व इन्शुलिन असलेल्या, द्रवात वाढविले. त्यांची वाढ, ठोके आणि ऊर्जा वापरण्याची रीत, तिन्ही बिघडली. मधुमेही मातांच्या बालकांत हृदयदोष अधिक आढळतात हे वैद्यकास पूर्वीच ठाऊक होते. तो बिघाड पेशींच्या पातळीवर कसा सुरू होतो, हे आता पाहता येऊ लागले.

मात्र या गोळ्यात रक्ताभिसरण नाही, वार नाही, माता नाही. तो अभ्यासाचे साधन आहे, उपचार नव्हे. मूलपेशींनी बालकाच्या हृदयातील छिद्र बुजवून देतो असे कोणी सांगितल्यास पालकांनी विश्वास ठेवू नये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताचे व तत्सम मान्य विकार वगळता मूलपेशींचा वापर केवळ रीतसर चाचणीतच करता येतो.

मग आमच्या रुग्णांना यातून काय मिळाले? पहिली गोष्ट म्हणजे, जे हृदय दुसऱ्या महिन्यातच घडून जाते, त्याचा आकार सातव्या महिन्यातील ग्रहणाने बदलत नाही. बहुतेक बालकांच्या बाबतीत एकच निश्चित कारण दाखविता येत नाही. म्हणून आईला दोषी धरणे अन्यायाचे आहे. मधुमेहाचा आरोपही तिच्यावर नव्याने लादू नये; मधुमेह असलेल्या बहुसंख्य मातांची बाळे निरोगी हृदयाचीच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे, काळजीची वेळ अलीकडे आणली पाहिजे. नाव नोंदवायला स्त्री येते तोवर हृदयाची बरीचशी घडण झालेली असते. यास्तव मूल हवे असे ठरताच रक्तातील साखर तपासून घ्यावी, रुबेलाची लस गर्भधारणेपूर्वी घेतलेली असावी आणि चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. पूर्वीचे मूल हृदयदोषाचे असल्यास वा मातेस मधुमेह असल्यास अठरा ते बावीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

हा सल्ला लग्नघरापर्यंत, सासूबाईंपर्यंत आणि विशेषतः पतीपर्यंत पोहोचविण्यास आम्हांला आपले साहाय्य हवे आहे. आपण आजवर उपकरणांसाठी मुक्तहस्ते दिलेत. या कामासाठी आपला शब्द द्यावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.