साताऱ्याचा पिन, सांगलीचा पिन

मघापासून बक्षिसांच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

इथे सातारा आणि सांगली, दोन्हीकडची मुलं आहेत. म्हणून दोन संख्या घेऊन आलोय: ४१५००१ आणि ४१६४१६. एक साताऱ्याचा पिन कोड, दुसरा सांगलीचा. ही पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसानं आणि ती १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. त्यांनी आकडे दिले ते टपाल वाटायला. अवयव पाडायचा उद्योग माझा.

सांगली मोकळ्या स्वभावाची. तेच तीन अंक दोनदा लिहिले की त्या संख्येला १००१ नं भाग जातोच, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. राहिले ४१६, म्हणजे ३२ गुणिले १३. झालं, संपलं! विभाजक मोजाल तर तब्बल ७२. शिवाय अंकांची बेरीज २२, आणि २२ नंही निःशेष भाग जातो. अशा संख्यांना ‘हर्षद’ हे नाव दिलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी. ६१७४ हा स्थिरांक ज्यांच्या नावानं ओळखला जातो, ते कापरेकर हेच.

सातारा मात्र खमका. शेवटी १, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ११, म्हणजे ३ बाद. सातनं बाकी ६, अकरानं ४, तेरानं २. असं किती वेळ चालायचं? ६४५ चा वर्ग ४१६०२५, म्हणजे आपल्या संख्येच्या पुढे गेला. तेव्हा ६४४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या आहेत ११७. पहिल्या १११ संख्यांनी भाग जात नाही. एखादा शहाणा इथंच ‘मूळ संख्या’ असं लिहून वही मिटेल. पण ११२ वी येते ६१३, आणि ६१३ गुणिले ६७७ बरोबर ४१५००१! दोन्ही मूळ. सांगलीचे विभाजक ७२, साताऱ्याचे फक्त चार. (सातारकरांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही.)

गुणाकार करायला अर्धं मिनिट. उलटं जायला अख्खी दुपार. याच अडचणीवर रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी १९७७ मध्ये गुप्तलेखनाची पद्धत उभी केली. तिथे ६१३ च्या जागी शेकडो अंकी मूळ संख्या असतात, आणि त्यांचा गुणाकार जगाला उघड सांगितला तरी कुलूप शाबूत राहतं.

आता विटेकर विचारतील, आमचं काय? विट्याच्या ४१५३११ ला तिनानं भाग जातो, एवढं मी सांगतो. उरलेल्या १३८४३७ चं काय करायचं ते बक्षीस घेऊन झाल्यावर बघा.