भेगाळलेला मोर



आपल्या तेरखेड्याचे नाव फटाक्यांमुळे सर्वदूर गेले. वात पेटवली की काम उरकले! लाकडाचे काम तसे उरकत नाही. आमच्या घरी आजोबांच्या वेळचा सागवानी देव्हारा आहे. त्याच्या महिरपीवरील कोरीव मोराला भर वैशाखात भेग पडली. सभा गाजवणाऱ्या आम्हांस वाटले, एवढ्याशा कामाला सुतार कशाला? भुसा नि सरस कालवून भेग गच्च भरली. आषाढात लाकूड फुगले, त्याला जागा मिळेना. भेगेच्या कडा आतल्या आत चेंगरल्या. पुढल्या वैशाखात पाहतो तो भेग पहिल्यापेक्षा रुंद!

मग ज्याची मजुरी वाचवली त्याच सुताराच्या दारी गेलो. (आणि आम्ही जन्मभर भांडलो ते कामगाराच्या दामासाठी!) तो म्हणाला, "लाकूड लांबीत फारसे हलत नाही, रुंदीत हलते. त्याला हलू द्या." कोमट पाण्याच्या फडक्याने त्याने सरस सैल केला, जुन्या सागाची पातळ ढलपी रेघेला रेघ जुळवून बसवली आणि सरस एकाच कडेला लावला. दुसरी कड मोकळी. खिळा नाही.

जाताना म्हणाला, "तेरला जाऊन या." उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट तेथील लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्यापुढे आमचा मोर म्हणजे कालचे पोर!

मोराच्या अंगावरची बारीक रेघ पावसाळ्यात मिटते, उन्हाळ्यात पुन्हा दिसते. सुताराने सांगितली ती मजुरी आम्ही घासाघीस न करता दिली.