शाळेसाठी कर मागणारा माणूस

(जवळा बाजार येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर माझ्याआधी दोघे बोलून गेले. त्यात मी भर घालत नाही. मला शाळेवर बोलायचे आहे. नुसते शाळेवर नाही, शाळेचा कारभार ज्याच्या हातात असतो त्या निवडून दिलेल्या माणसावर.

आधी माझी फजिती सांगतो. मी एकदा जिल्हा परिषदेला उभा होतो. गटातल्या गावागावांत जाऊन शाळेवर बोलायचो. छत गळते, दोन मास्तरांवर चार वर्ग चालतात, पोरींना सातवीनंतर शाळा नाही, असे सगळे. एका गावात पारावर बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "तुम्हाला मत पाहिजे का मास्तरकी? डीपी जळून पंधरा दिवस झाले, त्याचं बोला." लोक हसले. मीही हसलो. निवडणुकीत पडलो. पडल्यावर मनात एक प्रश्न राहिला. शाळेसाठी लोकांकडून पैसा मागणारा आणि तरी लोकांनी पुन्हा निवडून दिलेला असा शेतकऱ्याचा एखादा पोरगा झालाच नाही का?

झाला. फार लांब नाही, पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाडात झाला. डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांना लोक भाऊसाहेब म्हणत. आपण त्यांना ओळखतो ते दिल्लीचे कृषिमंत्री म्हणून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला नाव असलेले म्हणून. पण मंत्रिपदाच्या आधी ते जिल्ह्याच्या कौन्सिलात होते, आणि माझ्या मते त्यांचे खरे धाडसाचे काम तिथले आहे.

जन्म २७ डिसेंबर १८९८, अमरावती जिल्ह्यातले पापळ गाव. कोरडवाहू मुलूख, कापूस आणि ज्वारी, आपल्यासारखाच. गावची शाळा अपुरी पडली म्हणून पोराला शिकायला चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती असे फिरावे लागले. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात हेच झाले असेल! ज्याला पाठवणे परवडले तो शिकला, बाकीचे बैलामागे गेले. हा पोरगा पुढे विलायतेला गेला, बॅरिस्टर झाला, वेदवाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आला. एवढे शिकलेला माणूस मुंबईत वकिली करून बंगला बांधू शकला असता. तो अमरावतीला परतला.

आता १९२७ साल बघा. त्या साली त्यांनी शेतकरी संघ काढला. त्याच साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीला आले, आणि पंजाबराव त्या चळवळीच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी विमलाबाईंशी लग्न केले. ते मराठा, त्या सोनार. आजही गावात अशा लग्नाने भावकी रुसते, तेव्हाचे तर बोलायलाच नको. निवडणुकीच्या तोंडावर एवढे सगळे अंगावर घेऊ नका, असा सल्ला आजचा कोणताही पुढारी देईल. तरी पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले.

तिथे त्यांनी दोन गोष्टी केल्या. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यासाठी कर वाढवला.

या दुसऱ्या गोष्टीवर जरा थांबू या, कारण सगळी मेख तिथे आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२० पासून प्राथमिक शिक्षणाचा कायदा होता. पण सक्ती करायची की नाही, हे स्थानिक संस्थेवर सोडलेले होते. म्हणजे कायदा कागदावर, आणि खर्चाचे कोण बघणार म्हणून सगळे गप्प. दुसरे असे की तेव्हा मत सगळ्यांना नव्हते. जो सारा भरतो, कर भरतो, ज्याच्याजवळ काही मालमत्ता आहे, त्यालाच मत. आता हिशेब करा. ज्याच्यावर कर वाढवायचा तोच मतदार. ज्याचे पोर शाळेत जायचे त्या मजुराला, सालदाराला, लहान कास्तकाराला मतच नाही. पैसा मतदाराचा आणि लाभ बहुतेक बिनमताच्या माणसाचा. असा कर लावायला छाती लागते.

शिवाय सक्ती म्हणजे काय, हे कापूसवाल्यांना समजावून सांगायला नको. दसरा-दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की घरातले प्रत्येक पोर ओटी बांधून शेतात असते. त्याला शाळेत धाडायचे म्हणजे वेचणीची मजुरी अंगावर घ्यायची. कर आणि वर पोराची मजुरीही गेली. बापाला हे गोड कसे लागेल?

तरी लोकांनी त्यांना टाकले नाही. १९३० मध्ये ते प्रांताच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि शिक्षण, शेती ही खाती घेऊन मंत्री झाले. शेतकऱ्याच्या कर्जाची सावकाराशी तडजोड घडवणारा १९३३ चा कर्ज लवाद कायदा त्यांच्या खटपटीचा. त्याच साली त्यांनी मंत्रिपद सोडले. मधल्या काळात, १९३२ साली, अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था सुरू झाली. तिच्या शाळा आणि कॉलेजे आज विदर्भभर आहेत. पुढचे थोडक्यात सांगतो. ते घटना समितीत गेले, १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही वेळा अमरावतीकडून लोकसभेवर निवडून आले, १९५५ साली भारत कृषक समाज काढला, आणि १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत वारले. १९५२ ते १९६२ ते केंद्रात मंत्री होते आणि शेतीचे खाते पाहत होते. त्या दहा वर्षांत कापसाच्या भावाचा प्रश्न सुटला नाही, हे आपण शेतकऱ्यांनी मोकळेपणाने म्हणावे. मोठ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे हिशेब सोडून द्यायचा असे नाही. पण जिल्ह्यात जे झाले ते झाले, ते कोणी पुसू शकत नाही.

आता नदीच्या अलीकडे या. पैनगंगेच्या दोन्ही अंगाला काळी जमीन तीच, कापूस तोच. वऱ्हाडही मुळात निजामाचेच, १८५३ साली ते इंग्रजांच्या कारभारात गेले. तिकडे जिल्ह्याच्या शाळेसाठी मत देता येत होते, भले थोड्यांना का होईना. इकडे, आपल्या जुन्या परभणी जिल्ह्यात, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी होती आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मराठवाड्यात शाळा काढायची ती लोकांनी पदरमोड करून. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची, स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते. त्या शाळेला कोणत्या कौन्सिलाचा पैसा नव्हता. आपण मागे का, असे कोणी विचारले की आपण पाऊस सांगतो. पाऊस खराच आहे. पण शाळेचा हिशेब विचारायचा हक्क आपल्याला एक पिढी उशिरा मिळाला, हेही खरे आहे.

तो हक्क पुढे मिळाला. जिल्हा परिषदा १ मे १९६२ ला सुरू झाल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, शिक्षण समिती आली, सभापती आला. आपण त्याचे केले काय? सभापती म्हणजे कोणाची बदली करायची आणि बांधकाम कोणाला द्यायचे, एवढेच आपल्याला ठाऊक. २०१७ ला निवडून दिलेल्या सदस्यांची मुदत २०२२ मध्ये संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे प्रशासक बसला. किती गावांतून ओरड झाली? डीपी जळाला तर आपण पंधराव्या दिवशी तरी मोर्चा काढतो. शाळेचा सदस्यच नाही, हे आपल्या लक्षातही आले नाही. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची चर्चा सरकारी पातळीवर निघाली. वस्तीवरची शाळा गेली की पहिली घरी बसते ती पोरगी. चार किलोमीटर पायी तिला कोण धाडणार? पापळच्या पोराला घरच्यांनी चांदूरला धाडले. तो पोरगा होता.

त्या म्हातारबांवर माझा राग नाही. डीपीही पाहिजे. चूक माझी होती. मी शाळेचे रडगाणे गायलो, पण मी पैसा कुठून आणणार, तुमच्याकडून काय मागणार, हे एकदाही सांगितले नाही. पंजाबरावांनी आधी मागितले. फुकट देतो म्हणणाऱ्यावर आपण वरवर टाळ्या वाजवतो, पण मनातून विश्वास ठेवत नाही. खर्चाचा आकडा सांगून हात पसरणाऱ्याला लोक शिव्या देतील, पण ऐकून घेतील.

जिल्हा परिषदेची निवडणूक आपल्या हातात नाही, ती होईल तेव्हा होईल. पण एक निवड गावात आजही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात १०० पैकी ७५ जागा पालकांच्या, आणि एकूण समितीत निम्म्या बाया. शाळेचा विकास आराखडा याच समितीने करायचा. बहुतेक गावांत ही समिती मास्तर एका दुपारी वहीवर लिहून काढतात आणि सह्या घरोघर फिरून घेतात. सही करणाऱ्या बाईला आपण कशावर सही केली हे ठाऊक नसते. मास्तरांना दोष देऊ नका, बोलावले तरी आपण जात नाही.

मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. चहा घेताना प्रत्येकाने तिच्यात आपल्या गावाचे नाव लिहावे, समितीची निवड शेवटची कधी झाली ते लिहावे, आणि अध्यक्ष कोण हे माहीत नसेल तर ती जागा कोरी सोडावी. कोऱ्या जागा किती निघतात ते पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो. मायबहिणींनी आधी लिहावे, पुरुष मंडळींनी तोवर ओळीत थांबावे.