माती आणि यादवी

सुदानमधील यादवीचे 'अरब विरुद्ध आफ्रिकी' असे सोपे समीकरण मांडले जाते. ते अपुरे आहे. दारफुर प्रांतातील शेतकरी आणि पशुपालक यांचा धर्म एकच, इस्लाम. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात, तसेच तेथे सुगीनंतर पशुपालकांची जनावरे शेतात उतरत. त्यांना धाटे मिळत, जमिनीला खत मिळे. बाभळीच्या कुळातील, डिंक देणारी हशाबची झाडे काही वर्षे राखायची, मातीचा कस भरून येऊ द्यायचा आणि मग तेथे बाजरी पेरायची, ही शेतकऱ्याची जुनी रीत.

१९८४-८५ च्या दुष्काळात ही घडी विस्कटली. जमिनीला विसावा मिळेना, माती निकस झाली. चाऱ्यासाठी पशुपालक दक्षिणेकडे सरकले आणि तंटे वाढले. ते मिटवणारी जमातप्रमुखांची व्यवस्था नुमेरी राजवटीने १९७१ मध्येच मोडीत काढली होती.

२००३ मध्ये दारफुरमध्ये बंड झाले, तेव्हा सरकारने पशुपालक टोळ्यांतील तरुणांना शस्त्रे दिली. तेच जंजावीद. त्यांतूनच २०१३ मध्ये 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' हे निमलष्करी दल उभे राहिले. त्याचे प्रमुख दगालो आणि लष्करप्रमुख बुरहान यांनी २०२१ मध्ये संगनमताने सत्ता बळकावली. एप्रिल २०२३ मध्ये तेच परस्परांवर उलटले.

युद्ध पेटवले ते सत्ताधाऱ्यांनी. मात्र निकस मातीने त्यांना हाताला काम नसलेले तरुण पुरवले. म्हणूनच जमिनीचे हक्क, गुरांच्या वाटा आणि मातीचा कस यांची व्यवस्था लागल्याविना तेथील कोणताही शांतता करार टिकणार नाही.